हर्णै : बंदर आणि किनारफेरी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मासेमारीचे जुने बंदर. दापोलीहून आसूदमार्गे साधारण १५ किमी. गोवा, कनकदुर्ग व फत्तेगड हे तीन किल्ले किनाऱ्यावर आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. सगळे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात, त्यामुळे किनाऱ्यावरचे तिन्ही वाटाड्याशिवाय, पायी, एका दुपारीत पाहून होतात. बहुतेक पर्यटक किल्ल्यांसाठी येतात. या फेरीतला ऐवज मात्र बंदरावरचा मासळीचा संध्याकाळचा लिलाव आहे. तेव्हा उन्हे उतरता उतरता निघावे आणि बंदर शेवटी ठेवावे.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आधी गोवा किल्ला लागतो. तट अजून धडधाकट आहे. आत जुन्या इमारतींचे पडके अवशेष आणि तलाव. तटावरून सुवर्णदुर्गाचा पसारा नीट दिसतो. पुढे बंदराशेजारी कनकदुर्ग. किल्ला म्हणावा असे तिथे काळ्या दगडाचे बुरूज आणि पाण्याची टाकी एवढेच उरले आहे. माथ्यावर दीपगृह आहे. शेजारच्या फत्तेगडावर आता कोळ्यांची घरे आहेत. तटाचे दगड शोधत लोकांच्या अंगणातून हिंडण्यात अर्थ नाही.

सुवर्णदुर्ग हा कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा मोठा आधार. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी आंग्रे व पेशवे यांचे बिनसले आणि १७५५ मध्ये पेशव्यांच्या बाजूने आलेल्या इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सने तोफांचा मारा करून तो घेतला. आपलेच आरमार परक्याच्या हातून मोडून घेण्याचा हा व्यवहार पेशवाईला महागात पडला, असेच म्हणावे लागते. जेम्सच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा उभारला. त्याला ‘सेव्हर्नड्रूग’ हे याच किल्ल्याचे नाव आहे. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांत सुवर्णदुर्गही आहे. समुद्र शांत असेल तर बंदरातून होडीने जाता येते. दाराशी पायरीवर कासव आणि तटात मारुती कोरलेला आहे.

किनारा उथळ असल्याने मोठ्या नौका लांबवर नांगरतात आणि माल लहान होड्यांतून, बैलगाड्यांतून वाळूवर येतो. बैल पोटापर्यंत पाण्यात शिरतात, पाठीवरून लाट गेली तरी जागचे हलत नाहीत. गाडी भरली की ओल्या वाळूत चाके रुततात आणि दोघेतिघे मागून रेटा देतात. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग लागतात. प्रत्येक ढिगाभोवती माणसांचे कडे, मध्ये बोली पुकारणारा. भाव झरझर चढतो, तुटतो आणि पुढच्या क्षणी माल बर्फात जातो. फोटोसाठी गाडीच्या वाटेत उभे राहणाऱ्याला इथे शिव्या बसतात, आणि बसाव्यातच. ढीगभर माल नको असलेल्याने कडेला टोपल्या मांडून बसलेल्या बायकांकडे जावे. त्या मासा तिथेच कापून देतात. घासाघीस मात्र आपल्याला जमली पाहिजे.

उत्तरेला खाडीपलीकडे आंजर्ले असून तिथला कड्यावरचा गणपती प्रसिद्ध आहे. पूल झाल्यापासून तरीवर अवलंबून राहावे लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत लिलाव नसतो आणि सुवर्णदुर्गाकडे होडीही जात नाही. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. कनकदुर्गाच्या पायऱ्या तेव्हा शेवाळाने निसरड्या होतात.