गटचर्चेतील उत्तरदात्यांची निवड : बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या संदर्भात

थोड्यांच्या बोलण्यावरून अनेकांविषयी अनुमान काढावयाचे असेल, तर ते थोडे कोणी निवडले हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. हॅरल्ड मॅन ह्यांनी पिंपळे सौदागर (१९१७) व जातेगाव बुद्रुक (१९२१) ह्या गावांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत चौकशी कुटुंबवार असल्याने हा प्रश्न गौण होता. १९४१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझर्सफेल्ड व रॉबर्ट मर्टन ह्यांनी रेडिओच्या श्रोत्यांच्या गटांवर केंद्रित मुलाखतीचा प्रयोग आरंभिला, तेव्हा तो पुढे आला. मर्टन व पॅट्रिशिया केंडल ह्यांनी १९४६ मध्ये सांगितलेली पहिली अट अशी की, उत्तरदाते एका निश्चित प्रसंगातून प्रत्यक्ष गेलेले असावेत. पुढे बाजारपेठ-संशोधनाने ही पद्धत स्वीकारली. निवड माणसे जमविणाऱ्या मध्यस्थांकडे गेली, आणि मानधनासाठी पुनःपुन्हा बसणारे सराईत उत्तरदाते निर्माण झाले.

मध्यस्थाचा हाच प्रश्न बीड जिल्ह्यात अधिक गंभीर रूपाने आढळतो. येथील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात व उन्हाळ्यात परततात. हंगामात गावी गेलेल्या संशोधकास मागे राहिलेलेच भेटतात. फडावर गेल्यास मुकादमावाचून प्रवेश कठीण. मुकादमाच्या हिशेबी पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ होतो आणि उचलही त्या कोयत्यावरच असते. त्यामुळे त्याच्या यादीत स्त्री स्वतंत्रपणे येत नाही. आली तरी, उचल फिटावयाची असता, त्याच्यादेखत ती मोकळेपणाने बोलेल असे मानता येत नाही.

ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींवर, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांवर, ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशातील प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे क्षेत्र भिन्न असल्याने तुलना जपून करावी लागते. तथापि ही तफावत उपेक्षणीय नाही.

किती, ह्याचे उत्तर गणनेने मिळते. का, ह्याचे मिळत नाही. दुखणे, खाड्याचा दंड, डॉक्टरांनी घातलेली भीती ह्यांपैकी कशाचा भार किती, हे त्या स्त्रियांनीच सांगावयाचे आहे. म्हणून चर्चा हंगामानंतर गावी, मुकादम व घरचे पुरुष ह्यांच्या अपरोक्ष व्हावी, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांबरोबर न झालेल्याही निवडाव्यात. अशा चर्चेतून गृहीतके मिळतात, प्रमाण सिद्ध होत नाही, हा मर्टन ह्यांनी १९८७ मध्ये दिलेला इशारा येथेही लागू पडतो. सारांश, उत्तरदात्याची विश्वसनीयता हा केवळ त्याचा स्वभावगुण नव्हे. त्याला कोणी, कोठे व केव्हा बोलाविले, ह्यावर ती अवलंबून असते.