वायफायवर चित्रपट अडखळतो, तेव्हा दोष कुठे शोधावा?

इंटरनेटचा वेग पुरेसा असूनही टीव्हीवरील चित्रपट मध्येच थांबतो, पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि घरातील मंडळी वैतागून अधिक महागडा प्लॅन घेतात. नवा प्लॅन सुरू होतो. चक्र मात्र फिरतच राहते. अशा वेळी अडथळा अनेकदा घराबाहेरील जोडणीत नसतो, तर राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या अखेरच्या टप्प्यात असतो. घरातील संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर साठवलेले चित्रपट आणि कौटुंबिक चित्रफिती टीव्हीवर पाहताना तर इंटरनेटचा संबंधच येत नाही. हा टप्पा तपासण्यास खर्च येत नाही. तपासणीचा क्रम तेवढा योग्य असावा लागतो.

दोन पट्टे, दोन स्वभाव

आज घरोघरी असलेले बहुतेक राउटर दुहेरी पट्ट्याचे असतात. ते २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर एकाच वेळी काम करतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतींमधून तुलनेने सहज पार होतात. परंतु हा पट्टा अरुंद आहे. त्यातील १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल परस्परांत न मिसळता वापरता येतात. इमारतीतील शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि मायक्रोवेव्ह ओव्हन या सर्वांची गर्दी याच पट्ट्यात होते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त आहे. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेनंतर भारतात या भागातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इतक्या वारंवारता वायफायसाठी परवान्याविना खुल्या झाल्या. तेथे गर्दी कमी आणि वेग अधिक मिळतो. मात्र विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती या लहरींना लवकर क्षीण करतात. त्यामुळे राउटर दिवाणखान्यात आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडील शयनगृहात असेल, तर ५ गिगाहर्ट्झचा लाभ कागदावरच राहतो.

किती वेग लागतो?

नेटफ्लिक्सने फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेगाची शिफारस केली आहे. घरातील फाइलसाठी लागणारा वेग स्वतः काढता येतो. फाइलच्या गिगाबाइटला ८,००० ने गुणून चित्रपटाच्या एकूण सेकंदांनी भागावे. दोन तासांचा २० गिगाबाइटचा चित्रपट असेल, तर सरासरी सुमारे २२ एमबीपीएस वेग लागतो. हाणामारीच्या किंवा पावसाच्या दृश्यांत तो काही क्षण बराच वाढतो. ब्लू-रे चकतीवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल ४८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकते.

उपकरणाच्या सेटिंगमध्ये दिसणारा जोडणीचा वेग मात्र प्रत्यक्षात मिळत नाही. एका अँटेनाच्या साध्या उपकरणाला २.४ गिगाहर्ट्झवर, नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर, कमाल ७२ एमबीपीएस दिसतात. चांगल्या परिस्थितीतही त्यातील साधारण निम्मेच हाती लागतात. शेजाऱ्यांच्या गर्दीत ते आणखी घटतात. म्हणजे वरील २० गिगाबाइटचा चित्रपट रात्री नऊच्या सुमारास अडखळणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

हवेतील दुहेरी फेरी

एक कारण सहसा ध्यानात येत नाही. चित्रपट लॅपटॉपवर आहे, लॅपटॉप वायफायवर आहे आणि टीव्हीही त्याच पट्ट्यावर आहे. अशा वेळी प्रत्येक माहितीखंड आधी लॅपटॉपकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून टीव्हीकडे, असा हवेतून दोनदा प्रवास करतो. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकत असल्याने उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. चित्रपट साठवलेले यंत्र केबलने राउटरला जोडल्यास एक फेरी पूर्णपणे वाचते. केबल शक्य नसेल, तर लॅपटॉप एका पट्ट्यावर आणि टीव्ही दुसऱ्या पट्ट्यावर ठेवावा.

यंत्र टीव्हीवर दिसतच नसेल तर

अडखळणे आणि मुळात न दिसणे हे दोन वेगळे दोष आहेत. टीव्ही आणि फोन एकमेकांना शोधण्यासाठी नेटवर्कवर सामूहिक हाक देतात. २००३ मध्ये स्थापन झालेल्या डीएलएनए या उद्योगसंघटनेच्या मानकानुसार चालणारी उपकरणे आणि क्रोमकास्टसारखी साधने, दोहोंचा शोध अशाच हाकेवर अवलंबून असतो. ही हाक सहसा एका नेटवर्कच्या सीमेबाहेर जात नाही.

फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर असल्यामुळे ते एकमेकांना दिसत नाहीत, असा समज सर्वत्र आहे. तो सहसा खरा नसतो. एकाच राउटरचे दोन्ही पट्टे, त्यांची नावे वेगळी असली तरी, एकाच नेटवर्कचे भाग असतात. खरी कारणे पुढीलप्रमाणे असू शकतात.

एक उपकरण पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर असते किंवा राउटरमध्ये उपकरणांना परस्परांपासून अलग ठेवणारे आयसोलेशन सेटिंग सुरू असते.

सेवा कंपनीच्या फायबर मोडेमचे वायफाय आणि घरमालकाने घेतलेल्या राउटरचे वायफाय, अशी दोन स्वतंत्र नेटवर्क घरात नांदत असतात. दोन्ही उपकरणांचे आयपी पत्ते पाहावेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर बहुधा हेच कारण आहे. स्वतःचा राउटर ॲक्सेस पॉइंट पद्धतीवर ठेवल्यास दोन्ही नेटवर्क एक होतात.

विंडोज संगणकाने घरचे वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलेले असते आणि त्यामुळे त्याची फायरवॉल ही हाक अडवते. ते ‘प्रायव्हेट’ करावे. फोनवर व्हीपीएन सुरू असल्यास तेही बंद करून पाहावे.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी: तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावावी. तेथेही अडखळत असेल, तर टीव्हीला तो फाइलप्रकार पेलत नाही. वायफाय निर्दोष आहे.

दुसरी पायरी: काही काळ टीव्ही केबलने राउटरला जोडावा. आता चित्रपट सुरळीत चालला, तर दोष वायफायचा आहे. तरीही थांबत असेल, तर चित्रपट पुरवणाऱ्या यंत्राकडे पाहावे. प्लेक्स किंवा जेलिफिनसारखे सॉफ्टवेअर टीव्हीला न पेलणारी फाइल चालता चालता दुसऱ्या स्वरूपात बदलते. काही प्रकारची उपशीर्षके चालू केल्यानेही हे रूपांतर सुरू होते आणि जुना संगणक त्या ओझ्याखाली दबतो.

तिसरी पायरी: दोष वायफायचा ठरल्यास टीव्ही कोणत्या पट्ट्यावर आहे, हे पाहावे. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर टीव्ही अनेकदा २.४ गिगाहर्ट्झलाच चिकटून राहतो. पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन टीव्हीला ५ गिगाहर्ट्झवर आणावे. टीव्हीजवळ फोन धरून संकेताची तीव्रता मोजावी. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून सशक्त संकेत चलच्चित्रासाठी चांगला मानला जातो. उणे ८० च्या आसपास अडखळणे अपेक्षितच आहे.

चौथी पायरी: राउटर लोखंडी कपाटातून, टीव्हीच्या मागून किंवा जमिनीवरून हलवून उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. राउटरच्या यूएसबी ३.० जोडणीत हार्ड डिस्क असेल, तर ती लांब केबलने दूर ठेवावी. या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बाधा आणतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात दाखवून दिले आहे.

एवढे करूनही ५ गिगाहर्ट्झ पोहोचत नसेल, तरच नव्या उपकरणाचा विचार करावा. स्वस्त एक्स्टेंडर बहुधा त्याच चॅनेलवर माहिती पुन्हा प्रसारित करतो, म्हणजे हवेतील दुहेरी फेरी परत येते. त्याऐवजी टीव्हीच्या खोलीपर्यंत एक केबल ओढून तेथे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे अधिक खात्रीचे ठरते.

तक्रार केव्हा करावी?

संगणक केबलने थेट राउटरला जोडून आणि इतर उपकरणे बंद ठेवून वेग मोजावा. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी केलेल्या या मापनात वेग प्लॅनपेक्षा सातत्याने बराच कमी येत असेल, तर सेवा कंपनीकडे तक्रार करण्यास भक्कम आधार मिळतो. केबलवर वेग पूर्ण मिळत असेल आणि केवळ टीव्हीवर अडचण येत असेल, तर महागडा प्लॅन घेऊन काहीच साधणार नाही.