बुडण्याआधी हलवलेलं प्रेक्षागृह

उजनीचं पाणी तळाला गेलं की पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचे फोटो फिरायला लागतात. आपण सगळे लाइक करतो, पाऊस पडला की विसरतो. आज त्याच पाण्याच्या वाटेवरची एक गोष्ट सांगतो. भीमा पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते नागार्जुनसागरला.

त्या धरणाजवळ, आंध्रच्या बाजूला, अनुपू नावाचं ठिकाण आहे. तिथे इक्ष्वाकू राजांच्या काळातलं, म्हणजे साधारण 1700 वर्षांपूर्वीचं, उघडं प्रेक्षागृह बघायला मिळतं. ग्रीकांचं थिएटर अर्धगोल असतं, हे मात्र चौकोनी. मधे 50-55 फूट लांबीचं अंगण, भोवती चढत जाणाऱ्या विटांच्या पायऱ्या, त्यांवर चुनखडीच्या फरशा. हजारेक माणूस बसत असेल असा अंदाज. जवळच हारीती देवीचं देऊळ. अंगणात नाटक व्हायचं, गाणं व्हायचं की कुस्ती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला विचाराल तर सगळंच होत असणार. आपल्या जत्रेत संध्याकाळी कुस्त्या आणि रात्री तमाशा होतोच की!

हे इक्ष्वाकू आपल्या पैठणच्या सातवाहनांनंतर तिथे सत्तेवर आले. गौतमीपुत्र सातकर्णी तसा वासिष्ठीपुत्र चांतमूल, आईचं नाव लावायची पद्धत तीच. त्यांच्या राजधानीत, विजयपुरीत, रोमन सोन्याची नाणी सापडली. म्हणून काहींना या बांधकामात रोमन छाप दिसते. चौकोनी आकार बघता मला ते फारसं पटत नाही.

पण आज हे प्रेक्षागृह आहे ते मूळ जागेवर नाही. मूळ जागा खाली खोऱ्यात होती, नागार्जुनकोंड्याला. धरण होणार म्हटल्यावर पुरातत्त्व खात्याने 1954 ला आर. सुब्रह्मण्यम यांच्या हाताखाली खोदकाम सुरू केलं, ते 1960 पर्यंत चाललं. मधेच 1955 च्या डिसेंबरात नेहरूंनी धरणाची पायाभरणीही केली. तीसेक बौद्ध संकुलं आणि कितीतरी देवळं उजेडात आली. सगळं वाचणं शक्यच नव्हतं. निवडक नऊ वास्तू उंचावर नेऊन पुन्हा उभ्या केल्या, काहींच्या प्रतिकृती केल्या, शिल्पं बेटावरच्या संग्रहालयात ठेवली. बाकीचं खोरं पाण्याखाली गेलं.

धरण कोणी अडवलं नाही, अडवायलाही नको होतं. त्या पाण्यावर लाखो एकर भिजतात. मुद्दा एवढाच, की पाणी यायच्या आधी सहा वर्षं माणसं तिथे मोजत, काढत, लिहीत बसली होती. उजनी पूर्ण झालं 1980 ला. म्हणजे हे उदाहरण तोवर समोर होतं. तरी पळसनाथाचं मंदिर जागेवरच राहिलं आणि तेव्हापासून भिजतंय, सुकतंय.

पुढच्या उन्हाळ्यात ते वर आलं की सेल्फी काढाच. पण आर्किटेक्चरची पोरं ओळखीची असतील तर त्यांना टेप घेऊन सोबत न्या. एकेका खांबाचं माप घ्या, शिल्पांचे जवळून फोटो काढा, कुठला दगड कुठे पडलाय ते लिहून ठेवा. गाडीचा खर्च आपण चार जण वाटून घेऊ. कोण कोण येतंय ते खाली सांगा.