आदर्श कृष्ण पदार्थ आणि औष्णिक प्रारण

आपल्यावर पडणारे सर्व तरंगलांबींचे प्रारण पूर्णपणे शोषून घेणारी, त्याचा अल्पांशही परावर्तित होऊ न देणारी वा आरपार जाऊ न देणारी कल्पित वस्तू म्हणजे आदर्श कृष्ण पदार्थ. निसर्गात अशी परिपूर्ण वस्तू आढळत नाही. दिव्याची काजळी या आदर्शाच्या बरीच जवळ जाते. मात्र ‘कृष्ण’ या विशेषणावरून अशी वस्तू नेहमी काळीच दिसते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. पुरेशी तापवली असता तीच वस्तू त्या तापमानाच्या इतर कोणत्याही वस्तूपेक्षा अधिक औष्णिक प्रारण बाहेर टाकते. सूर्य डोळे दिपवणारा असूनही स्थूलमानाने कृष्ण पदार्थासारखाच वागतो.

निरपेक्ष शून्याच्या वरच्या तापमानाची प्रत्येक वस्तू विद्युतचुंबकीय तरंगांच्या रूपाने ऊर्जा उत्सर्जित करीत असते. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव किरखोफ यांनी 1859 मध्ये दाखवून दिले की, दिलेल्या तापमानास व तरंगलांबीस वस्तूची उत्सर्जनक्षमता आणि शोषणक्षमता यांचे गुणोत्तर सर्व वस्तूंसाठी सारखेच असते. थोडक्यात, जो चांगला शोषक तोच चांगला उत्सर्जक. यावरून कृष्ण पदार्थाचे प्रारण त्याच्या द्रव्यावर किंवा आकारावर अवलंबून नसून केवळ तापमानावर अवलंबून असते, हा महत्त्वाचा निष्कर्ष निघाला.

असा पदार्थ प्रयोगशाळेत कसा मिळवावा? बारीक छिद्र असलेली बंद पोकळी हे त्याचे उत्तर होय. छिद्रातून आत शिरलेला किरण भिंतींवर वारंवार आदळतो आणि बाहेर पडण्यापूर्वीच जवळजवळ संपूर्ण शोषला जातो. भर दुपारी दूरच्या घराची उघडी खिडकी काळोखी दिसते, ती याच कारणाने. पोकळी तापवली की त्याच छिद्रातून बाहेर येणारे प्रारण कृष्ण पदार्थाचे असते.

या प्रारणाचे दोन नियम प्रसिद्ध आहेत. योझेफ श्टेफान यांनी 1879 मध्ये मोजमापांवरून मांडलेल्या आणि लुडविग बोल्ट्झमन यांनी 1884 मध्ये सैद्धांतिक आधार दिलेल्या नियमानुसार, उत्सर्जित ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. तापमान दुप्पट झाले की उत्सर्जन सोळा पट होते. विल्हेल्म वीन यांच्या 1893 च्या नियमानुसार, ज्या तरंगलांबीस प्रारण सर्वाधिक असते ती तरंगलांबी तापमान वाढेल तशी घटते; मायक्रोमीटरमधील ही तरंगलांबी आणि केल्विनमधील तापमान यांचा गुणाकार सुमारे 2898 भरतो. सूर्यपृष्ठाचे तापमान सुमारे 5,770 केल्विन असल्याने हा उच्चबिंदू सुमारे 0.5 मायक्रोमीटरवर, म्हणजे दृश्य प्रकाशात येतो. मानवी त्वचेसाठी तो 9.5 मायक्रोमीटरच्या आसपास, अवरक्त विभागात असतो. म्हणूनच माणसाचे शरीर अंधारात डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त कॅमेऱ्याला दिसते. लोहाराच्या भट्टीतील लोखंड आधी लाल, मग पिवळसर आणि अखेर पांढुरके दिसू लागते, त्यामागेही हेच सूत्र आहे.

या विषयाला गती मिळाली ती एका व्यावहारिक गरजेतून. विजेचे दिवे नव्याने प्रचारात येत असताना प्रकाश मोजण्यासाठी खात्रीचे प्रमाण हवे होते. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे 1887 मध्ये स्थापन झालेल्या शासकीय मापन संस्थेत ओटो लुमर, एर्न्स्ट प्रिंग्सहाइम, फर्डिनांड कुर्लबाउम आणि हाइनरिख रूबेन्स यांनी तापवलेल्या पोकळीच्या प्रारणाची अत्यंत काटेकोर मोजमापे केली. लघु तरंगलांबींना वीन यांचे 1896 चे सूत्र उत्तम लागू पडत होते. दीर्घ तरंगलांबींना मात्र ते फसत असल्याचे 1900 मध्ये स्पष्ट झाले.

त्याच वर्षी 19 ऑक्टोबर रोजी माक्स प्लांक यांनी सर्व मोजमापांशी जुळणारे नवे सूत्र मांडले. ते का जुळते, याचा उलगडा करताना त्यांना एक अनपेक्षित गृहीतक स्वीकारावे लागले: पोकळीच्या भिंतींतील आंदोलक ऊर्जेची देवघेव अखंड न करता ठरावीक पुंजांनीच करतात आणि प्रत्येक पुंजाची ऊर्जा कंप्रतेच्या प्रमाणात असते. 14 डिसेंबर 1900 रोजी त्यांनी ही उपपत्ती सादर केली. पुंज सिद्धांताचा जन्म याच दिवशी झाला, असे मानले जाते. अभिजात भौतिकीप्रमाणे लघु तरंगलांबींकडे प्रारणाची ऊर्जा अमर्याद वाढायला हवी होती. पुंजांच्या कल्पनेने ही विसंगतीही दूर झाली. पुढे 1924 मध्ये ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या नव्या सांख्यिकीच्या आधारे प्लांक यांचे सूत्र सिद्ध केले. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी स्वतः तो निबंध जर्मनमध्ये अनुवादित करून प्रसिद्धीस दिला.

व्यवहारातील वस्तू आदर्शापासून किती दूर आहे, हे तिच्या उत्सर्जकतेवरून कळते. आदर्श कृष्ण पदार्थाची उत्सर्जकता 1 मानली जाते. ही कल्पना विसरल्यास फसगत होते. स्पर्शाविना तापमान दाखवणारा तापमापक चकचकीत स्टीलच्या गरम पातेल्याचे तापमान बरेच कमी दाखवतो, कारण घासून लखलखीत केलेला धातू प्रारण फारच थोडे सोडतो. उलट छपराचा पांढरा रंग दृश्य सूर्यप्रकाश परतवतो, पण अवरक्त विभागात जवळजवळ कृष्ण पदार्थासारखाच वागून उष्णता आकाशाकडे सोडतो. छप्पर थंड राहण्यास या दोन्ही गुणांची मदत होते.

आजवर मोजलेल्या प्रारणांपैकी या आदर्शाच्या अत्यंत निकट असलेले प्रारण मात्र कोणत्याही भट्टीतले नाही. अर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन यांना 1964 मध्ये आढळलेल्या वैश्विक पार्श्वप्रारणाचा वर्णपट 1989 मध्ये सोडलेल्या कोबे या उपग्रहाने मोजला. तो 2.725 केल्विन तापमानाच्या कृष्ण पदार्थाशी विलक्षण अचूकतेने जुळला. विश्व एकेकाळी अतितप्त आणि दाट होते, या सिद्धांताच्या भक्कम पुराव्यांमध्ये त्याची गणना होते.