कुमाऊंचे वणवे

देशातील छत्तीस टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार वणव्यांना बळी पडण्याजोगे आहे, असा अंदाज भारतीय वन सर्वेक्षणाने २०१९ मध्ये मांडला. असे नकाशे कागदावर उतरण्याच्या कितीतरी आधी कुमाऊंच्या पशुपालकांना आपल्या डोंगराचा नकाशा मुखोद्गत होता. चीड वृक्षाच्या गळालेल्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. राळेने भरलेला हा पाचोळा ग्रीष्मात ठिणगीसरशी पेटतो. दक्षिणाभिमुख उतार लवकर वाळतात. बांज वृक्षांची दमट राई सहसा पेटत नाही. पिरूल जाळल्यावाचून गुरांना कोवळे गवत मिळत नसे. तेव्हा जाळणे हाही तेथे वनव्यवहारच होता.

इंग्रजी वनखात्याने आरंभी आग म्हणजे केवळ हानी, असे मानले. कर्नल पिअर्सन यांनी १८६० च्या दशकात सातपुड्यातील बोरीच्या अरण्यात वणवे रोखून दाखविल्याने या मताला बळही आले होते. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंची विस्तीर्ण वने राखीव झाली आणि डोंगर पेटविण्यावर निर्बंध आले. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात, असहकाराच्या दिवसांत, लोकांनी तीच वने पेटविली. या जाळपोळीचे समर्थन कोणी करू नये. परंतु ती आंधळी नव्हती. जळाली ती मुख्यतः सरकारी उत्पन्नाची चीडवने. बांजच्या राया बहुतांशी वाचल्या.

त्याच वर्षी सरकारला गाऱ्हाणी ऐकण्यासाठी समिती नेमावी लागली. १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले, आणि राखणीचा काही भाग गावाकडे परत आला.