गावचे दप्तर कोणाच्या हाती?

जानेवारी २०२४ मध्ये तलाठी भरतीची गुणवत्ता यादी लागली आणि एका नावापुढे २०० पैकी २१४ गुण दिसले. पैकीच्या पैकीहून चौदा जास्त! परीक्षा अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत झाली होती. कुठली प्रश्नपत्रिका सोपी, कुठली अवघड, हा फरक भरून काढण्यासाठी गुणांचे सामान्यीकरण केले, त्यात आकडा कमाल गुणांच्याही वर गेला, असा खुलासा झाला. गदारोळ व्हायचा तो झालाच. जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एकेका गुणावर घरादाराचे भवितव्य टांगलेले असताना असा खुलासा कोणाच्या गळी उतरणार?

ज्या कामासाठी ही झुंबड उडाली, ते काम मात्र जुने आहे. गावच्या जमिनी कोणाच्या नावे, कोणी काय पेरले, सारा किती आला आणि बाकी किती राहिली, हे लिहून ठेवायचे. आज ते तलाठी करतो. आधी कुलकर्णी करायचा. त्याला अर्ज करावा लागत नसे. तो कुलकर्ण्याच्या घरात जन्माला आलेला असे, एवढे पुरे होते.

गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्याला देशमुख आणि देशपांडे. ही सगळी वतने. वतनाबरोबर इनाम जमीन, धान्यातला वाटा आणि मानपान यायचा. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीला कोणाची पोळी आधी, शिरपाव कोणाला, विडा कोणाला, हे सगळे वतनात मोडे. वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. साऱ्याची बाकी तुंबली किंवा दुष्काळ पडला की पाटील निम्मी पाटीलकी विकून मोकळा होई. मग एकाच गावात दोन पाटील नांदत आणि कोणता मान कोणाचा, याची याद कागदावर उतरवून घेत. म्हणजे पद ही नोकरी नव्हती, मिळकत होती. कुलकर्ण्याचे दप्तरही त्याच्या घरात, रुमालांत बांधलेले असे. गावचा हिशेब ही त्या घराची वस्तू.

आता मिळकत म्हटली की तंटा आलाच. वतन खरे कोणाचे, हा वाद उठला की गोतसभा बसे. आजूबाजूच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत, साक्षी होत आणि निकालाचा महजर लिहिला जाई. खाली पाटलाची निशाणी नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा आरसा. साक्षींनी निभाव लागला नाही तर दिव्य. रवादिव्यात वादीचे हात धुऊन, नखे काढून त्याला उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा बाहेर काढायला लावत. मग हातावर पिशवी चढवून तिच्यावर मोहोर करत आणि एक-दोन दिवसांनी ती सगळ्यांदेखत उघडत. हात भाजलेला निघाला तर दावा खोटा. हात निर्मळ असेल तर पाटीलकी पुढच्या पिढ्यांसाठी पक्की.

एवढा जीव टाकण्याचे कारण उघड आहे. मिळालेले वतन सहसा कोणी काढून घेऊ शकत नसे. राजा बदलला, सुलतान गेला, मोगल आला, तरी गावचा पाटील तोच राही. राजांना हीच गोष्ट सलत होती. शिवाजी महाराजांनी वतनदारांच्या गढ्या पाडल्या, त्यांचे हक्क बांधून दिले आणि आपल्या कारभाऱ्यांना शक्यतो रोख वेतन दिले, असे सभासद बखर सांगते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर वतनदार म्हणजे राज्यातले छोटे राजेच, त्यांना वेसण घालून ठेवावी, असा रोख आहे. पण राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला. मोगल वतनांची आमिषे दाखवून माणसे फोडू लागले. मग इकडूनही वतनांच्या सनदा सुटल्या.

अष्टप्रधानांतले पेशवेपदही पुढे याच वाटेने गेले. बाळाजी विश्वनाथांना ते १७१३ मध्ये कर्तबगारीवर मिळाले. १७२० मध्ये त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, बाजीरावांना मिळाले, तेव्हा दरबारात कुरबूर झाली. १७७४ मध्ये तेच पद सवाई माधवरावांकडे आले. पेशवाईची वस्त्रे आली तेव्हा नव्या पंतप्रधानांचे वय होते चाळीस दिवस.

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून वकील-ए-मुतलक हे पद मिळवले. हिंदुस्थानचा सगळा कारभार हाती आला, तरी ते स्वतःला पाटील म्हणवून घेत आणि लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत. यातला विनय बाजूला ठेवला तरी हिशेब चोख होता. बादशहाची मर्जी फिरली की वकिली जाणार. पाटीलकीला कोण हात लावणार?

कुलकर्ण्याला पर्याय आला तो गुजरातेतून. इंग्रजांनी १८१४ च्या सुमारास तिथे गावोगाव पगारी तलाटी नेमायला सुरुवात केली. तलाटी कंपनीचा नोकर. गावच्या पटेलांना हिशेब लपवायची सोय राहू नये, हा हेतू. त्याने पटेलांचे वजन घटले, हे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानेच नोंदवून ठेवले. म्हणूनच असेल, पेशवाई बुडाल्यावर दख्खनेत इंग्रजांनी जपून पावले टाकली. पाटील-कुलकर्ण्यांची वतने ठेवली आणि पुढे १८७४ मध्ये त्यांना वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात बसवले. हक्क घराण्याचा, पण काम कोण करणार यावर कलेक्टरची नजर. वतनदार अज्ञान असला तर त्याच्या वतीने गुमास्ता काम बघे.

या व्यवस्थेखाली भरडला जाणारा शेतकरी मात्र दप्तर उघडून बघू शकत नव्हता, कारण बहुतेकांना वाचताच येत नव्हते. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या लेखणीवर कोरडे ओढले. ‘दीनमित्र’कार मुकुंदराव पाटलांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले. प्रत्यक्ष घाव घातला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने बरखास्त केली आणि पगारी तलाठी नेमले. त्यांत अस्पृश्य समाजातले तरुणही होते. ज्या चावडीची पायरी चढू दिली जात नव्हती, तिथले दप्तर त्यांच्या हाती आले. साहजिकच वतनदारांनी आरडाओरड केली.

जन्माने मिळणाऱ्या पदाची दुसरी बाजू महार वतनात दिसते. इथे वारसा मानाचा नव्हता, वेठीचा होता. सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री कधीही हाक येई. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि गावाने दिले तर बलुते. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. पण एक गोष्ट त्यांनी चव्हाट्यावर आणली: जन्म एकाला पदावरून हलू देत नाही, तसा दुसऱ्याला पदातून सुटूही देत नाही.

स्वातंत्र्यानंतर वतने एकामागून एक गेली. परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, अंमल १ मे १९५१ पासून. कनिष्ठ गाववतनांचा कायदा १९५८ चा. मुलकी पाटील गेले ते १९६२ च्या कायद्याने. पोलीस पाटील राहिले, पण १९६७ च्या कायद्यापासून तेही सरकारने नेमलेले. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी पदासाठी धर्म, जात, लिंग यांच्याबरोबर वंशावरूनही भेद करायला मनाई आहे. आंध्रातल्या पेरवलीपालेम गावच्या मुन्सफाची, म्हणजे तिथल्या गावकामगाराची, जागा वारस म्हणून दुसऱ्याला देण्याचे घाटले, तेव्हा गाझुला दशरथ रामा राव सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयाने वारसाला झुकते माप देणारे कलम घटनाबाह्य ठरवले. गावकामगाराचे पद हे सरकारी पद आहे, घराण्याची मालमत्ता नव्हे, हे तेव्हा कायमचे ठरले.

वारसा गेल्यावर प्रश्न उरला तो वशिल्याचा. त्यावर तोडगा म्हणून लेखी परीक्षा. आजच्या तलाठ्याला शंभर प्रश्न, दोनशे गुण. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित-बुद्धिमापन. बाप कोण, गाव कोणते, हे प्रश्नपत्रिका विचारत नाही. ज्या घरांतल्या कोणी पिढ्यान्पिढ्या लेखणी धरली नव्हती, त्या घरांतली मुले-मुली आज सजेचा कारभार बघतात. ही लहान गोष्ट नाही. म्हणून तर २१४ गुणांवर लोक एवढे खवळले. वतनाच्या जमान्यात कोणी गुण मोजायला बसले नसते.

तरी काही जुन्या सवयी नव्या पद्धतीतही टिकून आहेत. वतनदार स्वतः काम न करता मुतालिक ठेवी. आता काही ठिकाणी तलाठ्याच्या हाताखाली खासगी माणूस नोंदी बघतो, लोकांना हेलपाटे घालायला लावतो. त्याला कोणी नेमलेले नसते, कुठल्या यादीत त्याचे नाव नसते. गावात त्याला ‘झिरो तलाठी’ म्हणतात. दारातून घालवलेली मुतालिकी खिडकीतून परत आली, ती अशी.

दुसरी गोष्ट गावाच्या वाट्याची. कुलकर्णी गावाच्या डोक्यावर बसलेला होता हे खरे, पण त्याचे वतन खरे की खोटे हे ठरवताना शिंप्याची कात्री आणि न्हाव्याचा आरसा कागदावर उमटत होता. इंग्रजांच्या तलाट्याला मामलेदार विचारू शकत होता, गाव नाही. परीक्षेने तलाठ्याला घराण्यातून आणि बऱ्याच अंशी वशिल्यातूनही सोडवले, पण गावापुढे उभे केले नाही. त्याला नेमण्यात गावाचा हात नाही आणि असूही नये. गावाच्या पसंतीने तलाठी नेमू लागलो तर जातीपाती आणि गट पुन्हा चावडीत येऊन बसतील.

गावाचा हात असायला हवा तो दप्तरावर. २०१७ मध्ये संगणकीय सातबारा दुरुस्त करताना सरकारने गावोगाव चावडीवाचन घेतले. नोंदी मोठ्याने वाचायच्या, ज्याचे नाव चुकले त्याने तिथेच हरकत घ्यायची. नेमणूक कितीही निर्दोष असली तरी नेमलेल्या माणसावर लक्ष ठेवण्याचे काम ती करत नाही. ते काम ज्यांच्या जमिनी त्या दप्तरात आहेत त्यांचे, आणि त्यासाठी चावडीवाचन मोहिमेपुरते न राहता दर वर्षी व्हायला हवे.