न पाहिलेला सिनेमा : बाबूराव पेंटर

मंडळी, आज एक अडचण आहे. ज्या दिग्दर्शकाबद्दल बोलायचं, त्यांचा सर्वांत महत्त्वाचा मूकपट, १९२५चा ‘सावकारी पाश’, आपण पाहू शकत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. मग त्याला थोर म्हणायचं कशाच्या आधारावर?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९०चा, कोल्हापूरचा. ते आणि त्यांचे जवळचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. त्यावरूनच ‘पेंटर’ हे नाव. फाळक्यांचा सिनेमा पाहिल्यावर दोघांनी ठरवलं, कॅमेरा स्वतःच घडवायचा. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. १९२०च्या ‘सैरंध्री’नंतर लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

पौराणिक चित्रपट तेव्हा हमखास चालायचे, बरं का. तरीही बाबूरावांनी ना. ह. आपट्यांच्या कथेवरून कर्जात जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी पडद्यावर आणला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते शांताराम. पुढे १९२९मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे शिष्य बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली. शिष्यांचं नाव झालं. गुरू मागे पडले.

प्रत का नाही? जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते, नाहीतर कुजते. त्यातली चांदी काढायलाही रिळं विकली जात. ती जपून ठेवायची वस्तू आहे, असं आपल्याला वाटलंच नाही.

आता मूळ प्रश्न. प्रत्यक्ष नाही, तेव्हा उरतं शब्दप्रमाण. स्वतः दिग्दर्शक असलेले जे. बी. एच. वाडिया यांनी अंधूक उजेडातली एक उदास झोपडी आणि तिथं रडणारं कुत्रं हे दृश्य कित्येक वर्षांनीही आठवणीनं नोंदवलं. मात्र ते दृश्य बाबूरावांनीच १९३६ साली केलेल्या बोलपटातलं; मूकपट त्यांना पुसटसाच आठवत होता. आम्हाला ही साक्ष मोलाची वाटते, कारण ती त्याच धंद्यातल्या जाणत्याची आहे. पण ती चित्रपटाची जागा घेऊ शकत नाही.

आपण बसलोय ते नवी मुंबई शहर ९५ गावांच्या जमिनींवर वसलं. ते सरकारी संपादन होतं, सावकारी नव्हे. पण जमीन सुटल्यावर माणसाचं काय होतं, हा प्रश्न इथल्या जुन्या घरांना नवा नाही. त्या घरांतले फोटो, कागद, आठवणी आत्ताच जपा. नाहीतर उद्या त्यांच्याबद्दलही आपल्याला दुसऱ्याच्या शब्दावरच विसंबावं लागेल.